हातावरचे पोट आणि हाताचे दुखणे

दिवाळी झाली की खानदेशात कापसाची वेचणी भरात येते. चोपडा, जामनेर, पारोळा, शिरपूर, शिंदखेडा, कुठेही जा. सकाळीच बायांच्या रांगा शेतात शिरतात. कमरेला ओटी बांधायची आणि दोन्ही हातांनी वेचायला लागायचे. मजुरी किलोवर. जेवढे वेचाल तेवढे पैसे.

आता आपण एक हिशेब करू. पाटी-पेन्सिल घ्या. एका बोंडातून सुमारे चार ग्रॅम कापूस निघतो. कुठे तीन, कुठे पाच. आपण चार धरू. म्हणजे एक किलो कापसाला अडीचशे बोंडे लागली. एका बाईने दिवसभरात चाळीस किलो कापूस वेचला, तर तिने किती बोंडांना हात घातला? अडीचशे गुणिले चाळीस. उत्तर आले दहा हजार.

दहा हजार वेळा अंगठा आणि बोटे जुळली. चिमटीत कापूस धरला, मनगट वळवले, ओढले, सोडले. दोन हातांत काम वाटले तरी एकेका हाताच्या वाट्याला पाच हजार वेळा आले. आणि हे झाले एका दिवसाचे. वेचणी तर पुढे माघापर्यंत लांबते.

असा हात दुखला तर नवल नाही. नवल याचे वाटते, की त्याला आपण कामाचे दुखणे म्हणतच नाही. "मनगट ठणकस," असे बाई सांगते. घरातले म्हणतात, "वय झालं." बाईचे वय असते तीस-पस्तीस. कोणी म्हणते वात आहे. कोणी म्हणते नस चढली, कोणी म्हणते लचक भरली. बाई तेल चोळते, फडके गुंडाळते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शेतात जाते. मग एके दिवशी भरलेला तांब्या हातातून निसटतो. पीठ मळता येत नाही. लुगडे पिळता येत नाही. लहान पोर उचलायला गेली की डोळ्यांत पाणी येते.

म्हणून या दुखण्याची नीट ओळख करून घेऊ.

अंगठा म्हटला की आपल्याला आधी शाईची डबी आठवते. सही येत नाही त्याने अंगठा उठवायचा. तुम्ही आता सही करता, तेव्हा त्या कामातून अंगठा सुटला. (रेशनच्या दुकानातल्या यंत्रावर मात्र अजून बोट टेकावे लागते. कष्टाने बोटांच्या रेषा झिजल्या की यंत्र माणसाला ओळखत नाही. तो ताप निराळाच.) पण अंगठ्याचे खरे काम धरण्याचे. चार बोटे एका बाजूला आणि अंगठा त्यांच्या समोर, म्हणून आपल्याला विळा धरता येतो, सुई धरता येते, भाकरीचा तुकडा मोडता येतो. अंगठा दुखू लागला की अर्धा हात गेला म्हणा.

आता गंमत पाहा. डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा भाग धरा आणि उजवी बोटे उघडा-मिटा. आतले मांस हललेले लागेल. बोटे हलतात इकडे आणि मांस हलते तिकडे. कारण बोटांना आणि अंगठ्याला हलवणारे जोरदार स्नायू कोपराखालच्या भागात असतात. तिथून पांढऱ्या, चिवट दोऱ्या निघतात आणि मनगटावरून बोटांपर्यंत जातात. या दोऱ्यांना कंडरा म्हणतात. स्नायू आखडला की कंडरा ओढली जाते आणि बोट हलते. कठपुतळीचा खेळ पाहिला असेल, तसेच हे.

मनगटापाशी या कंडरा मोकळ्या नसतात. मोकळ्या असत्या तर हात वळवताच कातडीखाली दोरीसारख्या ताणून वर आल्या असत्या. म्हणून त्यांना आवरणे असतात. परकराची नाडी नेफ्यातून जाते ना? तशी कंडरा आवरणातून जाते. नेफा ऐसपैस असला आणि नाडी गुळगुळीत असली की ती सुळकन सरकते. कंडरा आणि आवरण यांच्यामध्ये थोडे बुळबुळीत पाणीही असते. तेच त्यांचे वंगण.

पण तीच नाडी दिवसातून पाच हजार वेळा त्याच नेफ्यातून ओढली तर काय होईल? आवरण जाड होते. आतली कंडरा फुगते. वाट अरुंद होते. मग कंडरा सरकत नाही, घासते. घासली की दुखते. दुखत असतानाही काम चालूच ठेवले की आणखी जाड होते. आपल्या बहुतेक हातदुखीची गोष्ट एवढीच आहे. यात नजर नाही, करणी नाही, नशीबही नाही.

सगळ्यांत जास्त आढळते ते अंगठ्याच्या मुळाचे दुखणे. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला एका आवरणातून अंगठ्याच्या दोन कंडरा जातात. तिथे हाडावर दाबले की कळ येते. कधी बारीक सूज दिसते. ओळखायची रीत सोपी आहे. अंगठा तळहातात मुडपा, त्यावर चार बोटे मिटून मूठ करा आणि मूठ हळूच करंगळीच्या बाजूला झुकवा. अंगठ्याच्या मुळाशी चमक निघाली तर बहुधा हेच दुखणे समजावे. झटका देऊ नका. थोडे ताणल्यासारखे चांगल्या हातालाही वाटते. म्हणून दोन्ही हात करून पाहा आणि फरक ओळखा.

हे दुखणे काही खानदेशातच निघालेले नाही. विलायतेत पूर्वी बाया दुसऱ्यांचे ओले जड कपडे दिवसभर पिळून पोट भरायच्या. त्यांच्या मनगटाला हेच व्हायचे. म्हणून तिकडच्या जुन्या पुस्तकात याला 'धोबिणीची लचक' असे नाव होते. पुढे १८९५ साली स्वित्झर्लंडमधले शस्त्रवैद्य फ्रित्झ द केर्व्हें यांनी त्याचे नीट वर्णन केले, आणि डॉक्टर लोक आता त्याला त्यांच्याच नावाने ओळखतात. आम्हाला विचाराल तर धोबिणीचे नाव बरे होते. ऐकताच कारण कळत होते.

बाळंतिणींनाही हे फार होते, आणि तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. मूल उचलताना आई दोन्ही अंगठे ताणून त्याच्या काखेत घालते आणि वर उचलते. दिवसातून तीस-चाळीस वेळा. मूल रोज वजनाने वाढते आणि अंगठा तेवढाच राहतो. त्यापेक्षा एक हात ढुंगणाखाली आणि दुसरा मानेपाठीशी घालून, तळव्यावर ओंजळीसारखे उचलावे. सासूबाईंनी हे सुनेला दाखवावे.

दुसरे दुखणे बोट अडकण्याचे. नाडीला गाठ पडली की ती नेफ्याच्या तोंडाशी अडते, तसेच. मूठ मिटते, पण उघडताना एक बोट आकड्यासारखे वाकलेलेच राहते. दुसऱ्या हाताने ओढले की खटकन उघडते. सकाळी हे जास्त जाणवते.

तिसरे दुखणे मुंग्यांचे. मनगटाच्या आत हाडांचा एक बोगदा आहे. त्यातून नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू हाताकडे जातो. कंडरांची आवरणे सुजली की त्या मज्जातंतूवर दाब पडतो. मग अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटे आणि अनामिकेची अर्धी बाजू यांना मुंग्या येतात. करंगळीला काही होत नाही. रात्री झोपमोड होते, माणूस उठून हात झटकतो, मग बरे वाटते. गरोदर बायांना, मधुमेह असलेल्यांना आणि थायरॉइडचा विकार असलेल्यांना हे जास्त होते. फार दिवस अंगावर काढले तर अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसाचा उंचवटा बसतो, आणि गेलेली ताकद मग पुरी परत येईलच असे नाही. म्हणून मुंग्यांना चालढकल नको.

इथे एक फार महत्त्वाचे सांगायचे आहे. बधिरपणा करंगळीकडे असेल, बोटे वाकडी होऊ लागली असतील, अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि त्या चट्ट्यावर गरम-गार कळत नसेल, तर ते कामाचे दुखणे नसून कुष्ठरोग असू शकतो. लपवू नका आणि घाबरू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याची औषधे फुकट मिळतात. सहा महिने किंवा एक वर्ष गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो. वेळेवर घेतल्या तर बोटे शाबूत राहतात. उशीर केला तर रोग जातो, पण वाकडेपण मागे राहू शकते.

आणि आणखी एक. बाभळीचा काटा किंवा बोंडाचे टोक बोटात घुसले, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळे बोट सुजले, सरळ करताना जीव जातो, ताप भरला, तर आवरणात पू झाला असे धरा. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पोटीस बांधून वाट पाहू नका.

आता कामाकडे वळू. काम सोडा असे आम्ही सांगणार नाही. ज्याचे हातावर पोट आहे त्याला असे सांगणे म्हणजे भुकेल्याला उपासाचे पुण्य सांगण्यासारखे आहे. पण कामाची रीत बदलता येते.

कापूस वेचताना पुरते उमललेले बोंड आधी घ्यावे. त्याचा कापूस नुसत्या चिमटीने अलगद निघतो. अर्धवट उघडलेल्या बोंडाशी झटापट करावी लागते, बोटांना टोके लागतात, मनगट पिळवटते. शिवाय असा कापूस हलका ठरून भाव कमी येतो. दहिवर वाळल्यावर वेचणी करावी, तीही याचसाठी. ओला कापूस मालकालाही नको असतो.

दुधाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. पुष्कळ लोक दूध काढताना अंगठा आत मुडपतात आणि त्याच्या पेराने सड दाबतात. दोन म्हशींचे दूध असे काढले की अंगठ्याची दैना होते. म्हशीलाही ते सोसत नाही, सडाला आतून इजा होते. त्याऐवजी पुऱ्या मुठीने काढावे. सड तळहातात धरून वरून खाली एकेक बोट मिटत जावे. पशुवैद्यही हीच रीत सांगतात. सवय लागेपर्यंत चार दिवस वेळ जास्त लागतो, म्हैसही मागे वळून पाहते. पण मग दोघांचेही बरे होते.

उन्हाळ्यात पापडांचा हंगाम. उडदाचे पीठ घट्ट असते. लाटणे टोकांशी अंगठ्याने आवळून धरू नका, तळव्यांखाली फिरू द्या. लाट्या करणारीने आणि लाटणारीने तासाने अदलाबदल करावी. गोधडी एकटीने पिळू नये. ती खांबाला किंवा दोरीला अडकवून निथळू द्यावी, नाही तर दोघींनी दोन टोके धरावी. साक्रीकडे कांद्याची पात कापणाऱ्यांनी आणि केळीच्या बागेत पिले कापणाऱ्यांनी विळ्याला धार ठेवावी. बोथट विळा दुप्पट जोर मागतो. मूठ बारीक असेल तर तिच्यावर चिंधी गुंडाळून जाड करावी. जाड मूठ धरायला कमी आवळावी लागते. शेंगा फोडताना दर थोड्या वेळाने हात बदलावा. मोबाईलवर एकाच अंगठ्याने तासन् तास लिहिणाऱ्या पोरांनाही हे दुखणे होते, तेव्हा त्यांनी आईला हसू नये.

या सगळ्याहून मोठी गोष्ट विसाव्याची. दर अर्ध्या तासाला एक मिनिट हात सोडा. मूठ उघडा, बोटे पसरा, हात खाली लोंबू द्या. मुकादम म्हणेल, "वेळ जातो." बरे, तोही हिशेब करू. आठ तासांत अशी सोळा मिनिटे गेली. आठ तासांत चाळीस किलो, म्हणजे तासाला पाच किलो. सोळा मिनिटांत सव्वा किलोच्या आसपास कापूस कमी आला. आता दुसरी बाजू. हात पुरता बिघडला आणि बाई तीन आठवडे घरी बसली, तर एकवीस दिवसांचे आठशे चाळीस किलो बुडाले. हे आकडे मुकादमापुढे मांडायला हरकत नाही. किलोवरची मजुरी हाताची वैरी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ती माणसाला स्वतःच्याच मागे चाबूक घेऊन धावायला लावते. पण ती आहे तोवर टोळीतल्या सगळ्यांनी मिळून एकाच वेळी हात सोडावे. एकटी थांबली तर ती आळशी ठरते. दहा जणी थांबल्या तर ती रीत ठरते.

दुखणे लागलेच तर पहिल्या आठवड्यातच सावध व्हा. ज्या हालचालीने कळ येते ती काही दिवस बंद ठेवा. माठातल्या गार पाण्यात फडके भिजवून दहा मिनिटे दुखऱ्या जागी ठेवा. अंगठा हलू नये म्हणून त्याला आधार हवा. औषधाच्या दुकानात अंगठ्याची पट्टी मिळते. तोवर मऊ कापडाने अंगठा हाताशी सैलसर बांधावा. बोटे निळी पडली किंवा बधिर झाली तर बांध घट्ट झाला असे समजावे. तीन ते सहा आठवडे असा आराम मिळाला तर पुष्कळांचे दुखणे उतरते.

जोराने चोळू नका. सुजलेले आवरण चोळण्याने आणखी सुजते. मनगट ओढून 'नस बसवणाऱ्या'कडे जाऊ नका. जे निखळलेलेच नाही ते तो काय बसवणार? बिब्बा तर मुळीच लावू नका. बिब्ब्याने कातडी भाजते, फोड येतात, चिघळतात. दुखणे आत राहते आणि वर जखम होते. डाग देण्याचेही तेच. आणि दुखीच्या गोळ्या कोणाच्या सांगण्यावरून महिनोन् महिने खाऊ नका. त्यांनी पोटात व्रण होतो, मूत्रपिंड बिघडते. उपाशीपोटी तर नकोच.

पंधरा दिवसांत उतार पडला नाही तर डॉक्टरकडे जावे. महाराष्ट्र सरकारच्या आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार विनामूल्य आहेत. हाडांचे डॉक्टर हवे असतील तर जळगावला आणि धुळ्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची मोठी रुग्णालये आहेत. तिथे कदाचित आवरणात इंजेक्शन देतील. पुष्कळांना त्याने आराम पडतो. त्या जागची कातडी पुढे थोडी फिकट होऊ शकते, तिला भिऊ नका. मधुमेह असेल तर आधीच सांगा, कारण इंजेक्शननंतर काही दिवस साखर वाढते. इंजेक्शननेही भागले नाही तर लहानशी शस्त्रक्रिया असते. हात तेवढाच बधिर करून आवरण उघडतात, म्हणजे नेफा उसवून नाडी मोकळी करतात. बहुतेकांना त्याच दिवशी घरी जाता येते.

इटलीत बेर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचे वैद्य होते. १७०० साली त्यांनी कामकऱ्यांच्या रोगांवर एक पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी वैद्यांना सांगितले, की रोग्याला बाकीचे प्रश्न विचाराल तसा आणखी एक विचारा: तुझा धंदा काय? गर्दीच्या दवाखान्यात हा प्रश्न आजही राहून जातो. तुम्हाला विचारला नाही तर आपण होऊन सांगा. "हात दुखतो" एवढे सांगून थांबू नका. कोणता हात, अंगठा की बोटे, कधीपासून, दिवसा की रात्री, मुंग्या येतात का, हे सांगा. रोज काय करता तेही सांगा: "दिवाळीपासून कापूस वेचते, रोज चाळीस किलो, घरी दोन म्हशींचं दूध काढते." आता लिहिता येते, तर निघायच्या आदल्या रात्री हे एका कागदावर लिहून ठेवा आणि कागद केसपेपरासोबत डॉक्टरांच्या हातात द्या.